सहा नंबरवर परदेशी आहेत

चीनमधल्या छांगशात मला सात वर्षं झाली. सिमेंटची यंत्रं बनवणाऱ्या एका कंपनीत मी दुभाषी आहे. इथिओपियाहून येणाऱ्या गिऱ्हाइकांचं म्हणणं दिवसभर चिनीत सांगते आणि इंजिनियरांचं म्हणणं आमच्या भाषेत. पण आमच्या गल्लीच्या तोंडाशी कुआंगमावशींची खाणावळ आहे, तिथे मला कुणी धड तिखट वाढत नाही.

या गावात सगळे मिरची खातात. शेजारच्या पंगबाईंचा एवढासा नातूसुद्धा खातो. मी दारात दिसले की मावशी आत ओरडतात, "परदेशी आलीय, मिरची काढा." मग माझ्यापुढे टोमॅटो घातलेलं अंडं येतं, चॉपस्टिकऐवजी न मागता काटा येतो आणि "तुझं चिनी किती छान गं," हे कौतुक येतं. सात वर्षं तेच कौतुक. मी इथिओपियातल्या हरारची. आमच्या घरी वरणसुद्धा लालभडक असतं. हे मी मावशींना कितीदा सांगितलं. त्या हसून मान डोलवतात आणि अंडं वाढतात.

या वसंतात माझी मोठी बहीण बिर्तुकानताई महिनाभर राहायला आली. इथलं मिरचीतलं माशाचं डोकं मी तिला फोनवर इतकं रंगवून सांगितलं होतं, की तिला आल्याआल्या तेच खायचं होतं.

शनिवारी दुपारी आम्ही सहा नंबरच्या टेबलावर बसलो. मी मुद्दाम तोंड उघडलं नाही. टेबलावरच्या चौकोनी कोडवर फोन धरला, माशाचं डोकं निवडलं आणि 'खूप तिखट' वर बोट दाबलं. मागणी आत पोचली असेल-नसेल, तेवढ्यात मावशींचा आवाज आला, "सहा नंबरवर परदेशी आहेत, मिरची काढा."

मासा आला. पांढराफटक. वर आल्याचे चार काप आणि कांद्याची पात. सोबत दोन काटे.

ताईने एक घास खाल्ला आणि माझ्याकडे बघितलं. "सिंते, तू सात वर्षं हे पथ्याचं जेवतेस?"

"इथलं असं नसतं गं. मी परदेशी आहे ना, म्हणून."

"मग सांग ना त्यांना. दुभाषी आहेस ना तू?"

हे मात्र मला झोंबलं. मी उठून मावशींकडे गेले. "मावशी, मी तिखट मागवलं होतं."

"तुला सोसायचं नाही, पोरी."

"मला सोसतं. मी घरी खाते."

"घरचं घरी," म्हणून त्या भाजीचं टोपलं उचलून आत गेल्या.

घरी मी खाते ते खोटं नव्हतं. कंटाळा आला की याच खाणावळीतून पंगबाईंच्या नावाने डबा मागवते, आणि तो कानातून धूर काढणारा येतो. कारण स्वयंपाकघराला तोंड दिसत नाही, नुसतं नाव दिसतं. मी जागेवर येऊन बसले आणि फोनवरून तोच मासा मागवला. नाव पंग, पत्ता याच खाणावळीचा.

थोड्या वेळाने पिवळ्या जाकिटातला डबेवाला आला, गल्ल्यावरची पिशवी उचलली आणि पत्ता वाचत उभा राहिला. "पंग कोण?"

मी हात वर केला.

त्याने पिशवीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "तुम्ही इथेच बसलाय की."

"हो."

"मग मी गाडी कुठे घालू?"

"कुठे नको. चार पावलं ये आणि दे."

सगळी खाणावळ आमच्याकडे बघत होती. ताईने तोवर झाकण काढलंही होतं. कुटलेल्या मिरच्यांखाली मासा दिसत नव्हता. ती काट्यानेच खायला लागली. काटा नको म्हणून मी सात वर्षं भांडतेय, आणि ही म्हणते, "बरा आहे की हा."

कुआंगमावशी येऊन टेबलाशी उभ्या राहिल्या. "माझ्याच दुकानात बसून माझंच जेवण बाहेरून मागवलंस?"

"तुम्ही आतून देत नाही, तर काय करू?"

त्या खुर्ची ओढून बसल्या. "तू यायच्या आधी एक परदेशी मास्तर यायचा. तोही म्हणायचा, सोसतं. तिथे, त्या खिडकीपाशी, जेवता जेवता कोसळला. मी त्याला रिक्षात घालून दवाखान्यात नेलं. डॉक्टर मला विचारतात, याला आधी काय आजार होता, घरी कोण आहे. मला त्याचं नाव माहीत नाही. तो शुद्धीवर आला तर रडतोय, आणि काय म्हणतोय ते मला कळेना. तेव्हापासून मी कुणाला देत नाही."

माझा राग थोडा उतरला, पण सगळा नाही. "मावशी, तो तो होता. मी मी आहे. माझं नाव सिंतायेहू. आता माहीत झालं ना?"

त्यांनी ते दोनदा म्हणून बघितलं, दोन्ही वेळा चुकलं. मग ताईच्या रिकाम्या होत आलेल्या डब्याकडे बघून त्या म्हणाल्या, "हिला अजून भात हवाय का विचार."

ताई परत गेली. मला आता तिखट मिळतं. पण मी दारात दिसले की मावशी ओरडतात, "आपली परदेशी आलीय, मिरची जास्त टाका." सगळी डोकी वळतात, कुणीतरी फोन काढून माझं जेवण टिपतं, आणि कुणीतरी म्हणतं, बघा, खाते ही. नाकाला पाणी आलं तरी पुसायची सोय नाही. पुसलं, की मावशी पाण्याचा पेला घेऊन धावतात.