रिकाम्या ताटलीची लाज

मी बटण बोलतोय. नाक काळं आणि गोल, म्हणून हे नाव पडलं. जातीनं मी फेरेट. अंग लांबट, पाय आखूड, डोळ्यांवर काळपट पट्टा. मुंगूस पाहिलं असेल तर माझा थोडा अंदाज येईल. सशाच्या बिळात शिरायचं आणि सशाला बाहेर पिटाळायचं, हा आमचा पिढीजात धंदा. अशा घराण्यात जन्म घेऊन मी सशाच्या मांसाला घाबरायचो. सांगताना अजून मान खाली जाते.

माझा जन्म इंग्लंडच्या उत्तरेला, न्यूकॅसलमधल्या एका प्राण्यांच्या दुकानाच्या मागच्या खोलीत झाला. आईचं दूध सुटल्यावर माझ्या तोंडाला लागल्या त्या पिशवीतल्या कोरड्या तपकिरी गोळ्या. वाडग्यात खडखड वाजलं की जेवण आलं, एवढंच मला ठाऊक. पुढे फिलिपा नावाच्या मुलीनं मला घरी नेलं. ती कॉलेजात शिकायची आणि मला टोपीत घालून फिरवायची. तिच्याकडेही गोळ्याच होत्या. दिवस सुखात गेले.

शिक्षण संपलं, तिला परदेशी नोकरी लागली आणि मी डरहॅमकडच्या एका खाणगावात तिच्या आजोबांकडे आलो. कोळशाची खाण केव्हाच बंद झाली होती. कथबर्ट आजोबा आता भाजी पिकवायचा आणि जुन्या फेरेटांच्या गोष्टी सांगायचा. त्याची शेवटची फेरेट मेल्यापासून मागचं खुराडं रिकामं होतं. मला पाहून त्याचे डोळे लकाकले.

फिलिपा म्हणाली, "आजोबा, त्याला या गोळ्याच द्यायच्या हं. दुसरं काही खात नाही तो."

"पोरी, तुझी आई पाळण्यात होती तेव्हापासून मी फेरेट पाळतोय," आजोबा हसला. "माझ्याकडे फेरेट फेरेटासारखा जेवेल."

ती गेली तशी त्यानं पिशवी उचलली आणि कुंपणावरून शेजारच्या आल्फ हेब्डनच्या हातात दिली. "घे, तुझ्या मांजरीला घाल. माझ्या घरात असला भुसा नको."

मला खुराड्यात न टाकता त्यानं घरात मोकळं सोडलं आणि माझ्यापुढे आली सशाची तंगडी, केसांसकट. मी तिचा वास घेतला. ओला, गरम, अंगावर येणारा वास. माझं शेपूट फुललं आणि मी उलट्या पावलांनी कोपऱ्यात गेलो. चक्क फिस्कारलोसुद्धा. जेवणावर फिस्कारणारा फेरेट त्या गावात आजवर कुणी पाहिला नसेल.

कथबर्टची बायको डोरीन दारात उभी होती. "याला नकोय ते."

"लाजतोय. भूक लागली की खाईल. पोटात कावळे ओरडले की नखरे पळतात."

त्या गावात सगळे असंच म्हणतात. कुत्र्याच्या बाबतीत ते खरं असेलही. पण आमचं आतडं आखूड. खाल्लेलं लगेच पुढे सरकतं आणि उपास आम्हाला फार लवकर खचवतो. कथबर्टला हे कळत नव्हतं असं नाही. पण त्याच्या खुराड्यात जन्मलेलं प्रत्येक पिल्लू आईच्या तोंडातलं मांस ओढत मोठं झालं होतं. मांसाला न ओळखणारा फेरेट त्यानं बघितलाच नव्हता.

आणि माझीही एक खोड आहे. पुढ्यात आलेली वस्तू खाल्ली नाही, तर ती ओढत नेऊन लपवायची. का, ते विचारू नका, पायांना ते आपोआप येतं. तंगडी मी कोळशाच्या बादलीमागे नेऊन टाकली. तिथून आलो तो फिलिपानं दिलेल्या जुन्या दुलईत शिरलो. दुलईच्या घड्यांत मी पूर्वी लपवलेल्या गोळ्या होत्या. त्यातल्या थोड्या खाल्ल्या आणि झोपलो.

सकाळी कथबर्ट ओरडला, "डोरीन! ये, बघ! ताटली साफ!"

"साफ कसली? ओलीसुद्धा दिसत नाहीये."

"तुला प्रत्येक गोष्टीत खोट काढायला हवी."

त्यानं मला उचललं, छातीशी धरलं आणि म्हणाला, "शहाणा माझा बटण." मी ते कौतुक घेतलं. त्याच्या हनुवटीखाली डोकंही घासलं. तंगडी बादलीमागे आणि कौतुक माझ्या अंगावर! पुढे रोज हेच. तो कधी काळीज द्यायचा, कधी कोंबडीचं मेलेलं पिल्लू, आणि मी ते कधी सोफ्याखाली, कधी त्याच्या चिखलाच्या बुटात नेऊन ठेवायचो. तो रिकामी ताटली बघायचा आणि संध्याकाळी जुन्या खाणकामगारांच्या क्लबात जाऊन सांगायचा, "आमचा बटण ताटली धुवायचं काम ठेवत नाही."

दुलईतल्या गोळ्या संपल्या. मग डोरीनच्या पावाचे कण. मग तेही पुरेनात.

एका रविवारी डोरीन चॅपलमधून, म्हणजे गावच्या प्रार्थनाघरातून आली ती टोपी न काढताच स्वयंपाकघरात शिरली.

"कथबर्ट रेन, ऊठ! सबंध चॅपलदेखत मी खिशातून मेलेलं पिल्लू काढलं!"

"काय काढलंस?"

"कोंबडीचं पिल्लू! हेब्डनबाईला पेपरमिंट द्यायला खिशात हात घातला आणि हे हातात आलं. मी ते तिच्या हातावर ठेवलंसुद्धा! पाद्री थांबले रे. प्रार्थना म्हणता म्हणता थांबले!"

कथबर्ट टेबलावर डोकं ठेवून हसला. डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसला. "मग हेब्डनबाई काय म्हणाली?"

"म्हणाली, थँक यू, माझा नुकताच नाश्ता झालाय."

त्यावर तो आणखी हसला. हसता हसता एकदम थांबला. "डोरीन. पिल्लू सबंध होतं?"

"पिसंसुद्धा जागच्या जागी."

तो गुडघ्यांवर बसला. त्या वयात, त्या गुडघ्यांवर. त्यानं बादली सरकवली, सोफा ओढला, बूट उपडा केला. मी लपवलेलं सगळं एकेक करून जमिनीवर आलं. खोलीभर वास सुटला. मग त्यानं मला उचललं आणि त्याचा अंगठा माझ्या बरगड्यांवरून फिरला. एकेक बरगडी त्याला लागली. त्या वेळी त्याचं तोंड मी इतक्या जवळून पाहिलं, की कुठे लपावं ते कळेना. लपायच्या जागा तर सगळ्या उघड्या पडल्या होत्या.

"मी क्लबात सांगत फिरलो," तो पुटपुटला. "हा माझ्या हातात वाळत होता आणि मी सांगत फिरलो."

माझे मागचे पाय लुळे पडले होते. तोंडातून लाळ गळत होती. डोरीननं पशुवैद्य बाईंना फोन लावला आणि त्यांच्या सांगण्यावरून माझ्या हिरड्यांना मध चोळला. मला थोडी हुशारी आली तेव्हा दोघं मला घेऊन दवाखान्यात निघाले.

बाई शांतपणे म्हणाल्या, "हा हट्ट करत नाहीये. लहानपणी जे तोंडाला लागलं नाही, ते यांच्या नाकाला अन्न वाटतच नाही. उपाशी ठेवून शिकणार नाही हा. मरेल. आधी त्याच्या सवयीचं पोटभर द्या. मांस हवंच असेल तर त्यातून हळूहळू."

कथबर्टनं डोक्यावरची टोपी काढली आणि हातात धरून उभा राहिला.

घरी आल्यावर तो कुंपणापाशी गेला. मी त्याच्या कोटात होतो.

"आल्फ, ती पिशवी आहे का रे? मांजरीला दिलेली."

"भुशाची?" आल्फनं भुवया चढवल्या. "का रे, तू खाणार?"

"बटणला हवीय."

"ताटली साफ करणाऱ्या बटणला?"

"हो. त्यालाच."

आल्फ आत गेला, पिशवी आणली, पण लगेच सोडेना. "माझ्या बायकोला सांगू ना, आता पिल्लं मिळायची नाहीत म्हणून?" कथबर्ट मान खाली घालून हसला. हसण्यासारखं ते नव्हतं.

गोळ्यांवर मी पुन्हा भरलो. डोरीन म्हणाली, "राहू दे आता. जगतोय ना गोळ्यांवर."

"जगतोय," कथबर्ट म्हणाला. "पण मी त्याला त्याचं जेवण द्यायला निघालो होतो, आणि दिली उपासमार. ते मला नीट करू दे."

मग तो रोज दुपारी मला भाजी पिकवायच्या जमिनीवरच्या लाकडी खोपीत नेऊ लागला. दार लावून घ्यायचा, कुणी बघू नये म्हणून. जन्मभर कोळसा फोडलेला माणूस एका फेरेटला बोटावर भरवतो, हे क्लबात कळलं असतं तर जगणं मुश्किल झालं असतं. सशाचं मांस तो यंत्रातून दोनदा बारीक करायचा, वाटीत कोमट पाण्यात कालवायचा, वर गोळ्यांची पूड भुरभुरायचा आणि बोटावर घेऊन माझ्यापुढे धरायचा. मी पूड चाटायचो आणि मांस पायानं पुसून टाकायचो. कधी त्याच्या बाहीला पुसायचो. तो म्हणायचा, "बरं. उद्या बघू." उद्याही तेच व्हायचं. पानगळ झाली, वाफ्यांवर दहिवर पडू लागलं, तरी तो "उद्या बघू" म्हणतच होता. त्याच्या जागी मी असतो तर पहिल्याच आठवड्यात पाय आपटला असता.

एके दुपारी पूड जरा कमी होती. मला भूक होती. पुडीचा वास नेमका कुठून येतोय ते कळेना, म्हणून मी झडप घातली आणि त्याच्या बोटात दात रुतवले. पार हाडापर्यंत.

इथे एक सांगायला हवं. आमच्याकडे मालकाला चावणारा फेरेट कुणी ठेवत नाही. त्याची मान मुरगळतात. आणि तसं करणाऱ्याला कुणी नावं ठेवत नाही.

कथबर्टनं हात झटकला नाही. एकदा दातांतून श्वास ओढला, तेवढंच. रक्त बोटावरून ओघळून मांसात मिसळलं. मी चाटलं. ते खारट होतं, गरम होतं आणि त्याला कथबर्टचा वास होता. तो वास म्हणजे माझं घर. त्या वासाखाली सशाचा वास होता आणि पहिल्यांदाच मला त्याची भीती वाटली नाही. मी चाटत गेलो. रक्त संपलं, मांस उरलं, तेही चाटत गेलो. वाटी संपवली.

"खा," तो इतकंच म्हणत होता. "खा रे बाळा, खा."

तेवढ्यात दार ढकलून आल्फ आत आला. त्याला फावडं हवं होतं. त्यानं कथबर्टच्या बोटाला गुंडाळलेला रुमाल बघितला. तो लाल झाला होता.

"बोटाला काय झालं?"

"डबा उघडताना कापलं."

"कसला डबा?"

"सार्डिन माशांचा."

आल्फनं इकडे तिकडे बघितलं. खोपीत डबा नव्हता. मी होतो, आणि माझ्या मिशा लाल होत्या. त्यानं माझ्याकडे इतका वेळ बघितलं की माझी मान दुखू लागली.

"हल्ली डबे फार धारदार यायला लागलेत," तो शेवटी म्हणाला. "टाके घालून घे, कथबर्ट." आणि फावडं घेऊन निघून गेला.

आता मी म्हातारा झालोय. मांस खातो, पण ते कोमट असावं लागतं आणि तेही त्याच बोटावरून. ते बोट नीट मिटत नाही. ससे धरायच्या जाळ्याच्या गाठी त्याला आता बांधता येत नाहीत, आल्फ बांधून देतो. तुमच्या घरी कुणी मुकं जनावर असेल आणि ते जेवत नसेल, तर एवढं करा: त्याला नखरेल म्हणण्याआधी त्याच्या अंगावरून एकदा अंगठा फिरवा.

शनिवारी तो मला कोटाच्या आतल्या खिशात घालून क्लबात नेतो. कुणी नवखा त्या वाकड्या बोटाबद्दल विचारतो. कथबर्ट सार्डिनच्या डब्याची गोष्ट सांगतो. शेजारी बसलेला आल्फ मान डोलावतो, "वाईट डबा होता तो." आणि मी खिशाच्या तळाशी, नाक शेपटीखाली घालून, सगळं ऐकत पडून राहतो.