पाणी स्थिर होईपर्यंत

जावयांनी आमच्या हॉलसाठी स्वतः काढलेलं नदीचं चित्र आणलं आणि खिळाही स्वतःच ठोकला. चित्र सुरेख होतं, उगाच खोटं कशाला बोलू? पाणी इतकं शांत की पलीकडच्या झाडांची पानं त्यात मोजून घ्यावीत. शेजारीण म्हणाली, "काकू, इथे नुसतं बसलं तरी डोक्याचा ताप उतरेल." जावयांचं कौतुक झालं की आपलीही मान ताठ होते. माझी झाली.

जावयांचा एक हट्ट आहे. समोर दिसेल तेवढंच काढायचं, पदरचं एक पानसुद्धा घालायचं नाही आणि दिसलेलं काही गाळायचं नाही. आमच्या घराचं चित्र काढलं तेव्हा त्यांनी गळका पाइपही सोडला नव्हता. आमचे हे आठवडाभर तोंड फुगवून बसले होते.

शेजारीण गेल्यावर मी चष्मा लावून जवळ गेले. काठावर चपला होत्या. निळ्या पट्ट्यांच्या, मीच लेकीला घेऊन दिलेल्या. लेक मात्र चित्रात कुठेच नव्हती.

"ही कुठे होती तेव्हा?" मी विचारलं.

"पाण्यात," जावई चित्रावरची नजर न काढता म्हणाले. "उतरली आणि सगळं पाणी ढवळून टाकलं. मला थांबावं लागलं, पाणी स्थिर होईपर्यंत."

माणूस पाण्यात असताना पाणी स्थिर कसं होईल?

मी तडक स्वयंपाकघरात गेले. लेक कप विसळत होती. खोदून खोदून विचारलं तेव्हा बोलली.

"पाय घसरला गं. खोल होतं. वाहत गेले, पुढे वळणावर एक मूळ हाताला लागलं."

"हाक नाही मारलीस?"

"मारली. ब्रश हातात असला की त्याला ऐकू येत नाही."

"येत नाही की..."

बाहेरून जावयांचा आवाज आला, "चल, तळ्यावर जायचंय ना? उजेड जाईल."

ती लगेच हात पुसू लागली. मी तिचं मनगट धरलं. "जाऊ नकोस. आज राहा, उद्या राहा, कायमची राहा. लोकांना काय म्हणायचं ते म्हणू देत. मला भीती वाटते गं त्याची."

तिचे डोळे भरून आले. क्षणभर वाटलं, राहील. मग तिने दाराकडे पाहिलं आणि माझी बोटं एकेक करून सोडवली.

"सोड ना आई," ती हळूच म्हणाली. "उजेड जाईल."