सामाईक कार्डाची पाळी

मलकापूरजवळच्या नाथाजी मोहित्यांच्या घरात क्रेडिट कार्ड आलं आणि बघता बघता त्याची विहीर झाली. लिमिट एकच, पन्नास हजारांचं. कार्डं मात्र चार. मुख्य कार्ड फौजेतून रिटायर झालेल्या हवालदार नाथाजींचं. त्याला जोडून बायको बनुबाई, धाकटा भाऊ भाऊसो आणि विश्रामबागेत नोकरीला असलेला मुलगा शंभूराज यांची. आता सामाईक म्हटलं की मोहित्यांना एकच रीत ठाऊक. विहिरीला आठ-आठ दिवसांची पाळी असते, तशी कार्डाला लावली.

पण पाळीची एक गोम असते. आपल्या पाळीत जो पाणी उचलत नाही, त्याचा हक्क शेजारी गिळतो. म्हणून जो तो लिमिट तळापर्यंत उपसायचा. भाऊसोनं शंभर प्लास्टिकच्या खुर्च्या घेतल्या. बनुबाईंना काहीच नको होतं, तरी हक्क जायला नको म्हणून त्यांनी अकरा कुकर आणले. प्रत्येक पाळी सरली की नाथाजी ठेव मोडून विहीर पुन्हा भरायचे. खर्च कुणीही करो, भरायचं मुख्य कार्डवाल्यानं, असं बँकेच्या कागदावर छापलंच होतं. ते वाचून त्यांची छाती फुगली होती. घरच्या कर्त्यानं आणखी काय करायचं असतं?

दोन फेऱ्यांत ठेवी संपल्या, आणि तेवढ्यात बनुबाईंचा गुडघा साफ गेला. सोमवारी मिरजेत ऑपरेशन, त्याच दिवशी सकाळी आधी पन्नास हजार भरायचे. शेवटची ठेव मोडून लिमिट नुकतंच पुन्हा भरलेलं होतं. पण सोमवारपासून पाळी भाऊसोची.

"भाऊसो, एवढी खेप पाळी बदल की रं."

"दादा, पाळी मोडली की भांडणं लागत्यात. आन मी मांडव ठरवलाय. शंभर खुर्च्या उन्हात पडल्यात, त्यास्नी सावली नगं व्हय?"

नाथाजींनी शेवटी सगळ्यांसमोर बँकेला फोन लावला. पलीकडची मुलगी म्हणाली, "सर, जोडकार्ड तुम्ही कधीही बंद करू शकता. कुणाचं करू?"

भाऊसो समोरच बसला होता. नाथाजींनी मान फिरवली. "माझंच करा," ते म्हणाले.

"मुख्य कार्ड बंद झालं की सगळीच बंद होतात, सर."

"असं हाय व्हय!" नाथाजींचा चेहरा एकदम खुलला. भावाचं कार्ड तोडल्याचा बोल नको आणि कटकटही नको. "मग माझंच करा!"

"आवं, मग सोमवारी मिरजंत काय कुकर भरू?" बनुबाई भिंतीला धरून उठल्या. "बावीस वर्सं सरहद्दीवर हुबं ऱ्हायलासा, आन सख्ख्या भावाला येकदा न्हाई म्हणवंना?" एवढं बोलून त्या मटकन खाली बसल्या आणि रडू लागल्या. तव्याचा चटका बसला तरी कधी हूं की चूं न करणारी बाई ती. नाथाजींना मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"बाई, थांबा," ते फोनमध्ये म्हणाले. "माझं ऱ्हाऊ द्या. बाकीची तिन्ही बंद करा."

"दादा!" भाऊसो ओरडला.

नाथाजींनी त्याच्याकडं बघितलंच नाही.

"कारण काय नोंदवू, सर?" मुलीनं विचारलं.

"गुडघा," नाथाजी म्हणाले. "माझ्या बायकोचा."