बिनदिव्याचा मदरबोर्ड

तुम्हाला कधी कुणी हातात घेऊन, उलटंसुलटं बघून, "याला दिवे न्हाईत" म्हणत परत खोक्यात ठेवलं आहे का? मला ठेवलं आहे. एकदा नाही, कितीतरी वेळा.

मी मदरबोर्ड बोलतोय. संगणकाच्या डब्यात एक चपटी पाटी असते आणि बाकी सगळे भाग तिच्यावर येऊन बसतात. ती पाटी म्हणजे मी. घरातल्या बाईसारखं माझं आहे. सगळे माझ्या जिवावर चालतात आणि पाहुणे आले की कौतुक मात्र स्क्रीनचं होतं.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला, पण ते आता आठवत नाही. मला कळू लागलं ते लातूरला, व्यंकटशेठच्या दुकानात, वरच्या फळीवर. शेजारी एक देखणा बोर्ड होता. वीज लागली की त्याच्या अंगभर लाल-निळे दिवे पळायचे. माझ्या अंगावर धातूचे दोन जाड ठोकळे, एवढाच काय तो दागिना.

एक दिवस चाकूरची दामिनी आली. शिकवणीच्या पोरांना पाढे शिकवून शिकवून तिने हा दिवस कमावला होता. गेम खेळायला तिला पहिलाच संगणक जोडायचा होता आणि तोही ओव्हरक्लॉक करायचा होता. म्हणजे संगणकाचा मेंदू असलेल्या प्रोसेसरला जेवढं पळायला सांगितलेलं असतं, त्याहून जास्त पळवायचं. रोजच्या बैलाला शर्यतीला जुंपावं, तसंच हे.

सोबत तिची आई शरणम्मा होती आणि नांदेडहून आलेला मामेभाऊ अमरेश.

"हेच घे," शरणम्माने देखण्या बोर्डाकडे बोट केलं. "कसं लखलख करायलंय! दिवाळीला माळ आणायचं काम न्हाई."

"आत्या, माझ्याकडं हेच हाय," अमरेशने छाती फुगवली. "अख्खी खोली उजळती."

"दादा, तुझ्या बोर्डात वेग वाढवायची सोयच न्हाई," दामिनी म्हणाली. "घेताना काय बघितलंस?"

"दिवे बघितले की!"

दामिनीने मला हातात घेतलं आणि माझे ठोकळे चाचपले. "याच्यात वेग वाढवता येतो. हे ठोकळे बी जाड हायत, तापलं तरी दम धरंल. अन् आई, सगळं डब्यात झाकूनच जाणार हाय."

"झाकून जाणार म्हणून काय कुरूप घ्यायचं?"

कुरूप! अहो, मी समोरच होतो.

शेवटी शरणम्माने अट घातली. "घे तुझ्या मनाचं. पण आज खेळताना एकदा जरी फटकन बंद पडलं, तर उद्या सकाळच्या गाडीनं अमरेश हे परत आणून देईल. मग दिव्याचंच घ्यायचं."

व्यंकटशेठ कबूल झाले. "आणा की. पण परत आलं तर मी याला मोडीच्या टोपल्यात टाकीन. दुसरं कोण घ्यायलंय याला?"

चाकूरला जाईपर्यंत मी खोक्यात थरथरत होतो. रस्त्याचे खड्डे हे एक कारण होतंच.

घरी दामिनीने मला टेबलावर ठेवलं. शरणम्मा पूजेची तयारी करू लागली. त्या घरात पाण्याची मोटार येवो नाहीतर मिक्सर, विभूतीचे तीन पट्टे ओढल्याशिवाय बटण दाबत नाहीत.

"आई, पूजा बाहेरच्या डब्याची कर. आतल्याला पाणी न्हाई, कुंकू न्हाई."

"न्हाई गं बाई, मी कशाला हात लावतीय!"

दामिनीने माझ्यावर प्रोसेसर बसवला. तो तापला की उष्णता वरच्या पंख्याकडे नीट जावी म्हणून मधे एक करडी पेस्ट लावतात. बारक्या ट्यूबमधून तिने वाटाण्याएवढा गोळा त्याच्या डोक्यावर ठेवला आणि पंखा आणायला आत गेली.

तेवढ्यात शरणम्मा ताट घेऊन आली. गोळा बघून तिचे डोळे भरून आले.

"अगं बाई! लेकीनं आधीच विभूती ठिवली की. अन् मी उगंच म्हणायले, देवाला विसरली म्हणून."

तिने तीन बोटं टेकवली आणि "ओम नमः शिवाय" म्हणत तीन आडवे पट्टे ओढले. प्रोसेसरला गुदगुल्या झाल्या. बोटांना लागलेलं तिने स्वतःच्या कपाळाला लावलं. मग उरलेली ट्यूब पिळून अमरेशच्या कपाळावर ठसठशीत पट्टे ओढले. त्याने डोळे मिटून, हात जोडून लावून घेतले.

"आत्या, लई गार लागायलंय."

"शिवाची हाय, गारच लागणार."

दामिनी पंखा घेऊन आली. तिने माझ्याकडे बघितलं, मग त्या दोघांच्या कपाळांकडे.

"आई! ती पेस्ट होती!"

"दाताची?"

"प्रोसेसरची!" तिने ट्यूब दाबून बघितली. पार रिकामी. चाकुरात दुसरी मिळणार नव्हती.

"माझ्या कपाळावरची काढून घेतीस का?" अमरेशने भाबडेपणाने विचारलं.

दामिनीने वाकून नीट बघितलं. तिन्ही पट्टे एकमेकांत मिसळून सगळीकडे सारखा पातळ थर बसला होता. पेस्टचा थर असाच तर लागतो. देवाचं नाव घेऊन तिने पंखा दाबून बसवला.

मग तिने वेग वाढवला आणि गाड्यांची शर्यत लावली. मी तापलो. भर उन्हात पत्र्यावर बसल्यासारखं झालं. एका वळणावर स्क्रीन क्षणभर अडकली, तेव्हा मला व्यंकटशेठचं टोपलं दिसायला लागलं.

"बंद पडू नगंस रे माझ्या राजा!" कोण ओरडलं असेल? अट घालणारी शरणम्मा! कुरूप म्हणाली होती ना, तीच पदराने मला वारा घालत होती. "दामे, किती पळवतीस त्याला? जरा दम खाऊ दे!"

शर्यत संपली. दामिनीची गाडी तिसरी आली, पण मी बंद पडलो नाही.

"बघितलंस? विभूतीचा गुण," शरणम्मा म्हणाली. दामिनीने आईच्या गळ्यात हात टाकले आणि वाद घातला नाही.

"आत्या, माझ्या बोर्डाला बी लावा की," अमरेश म्हणाला.

"दादा, तुझ्याला नुसती आरती ओवाळ," दामिनी म्हणाली. "दिवे हायतच."

आता मी त्याच घरात आहे, डब्याच्या अंधारात, पण मानाने. तुम्हाला एकच विनंती. आमच्यावरची धूळ अधूनमधून झटका, मात्र ओल्या फडक्याने पुसू नका. आणि फळीवर एखादा बिनदिव्याचा दिसला, तर त्याला निदान हातात तरी घ्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी अमरेशने कपाळ साबणाने घासलं, खोबरेल तेलाने घासलं, शेवटी भांड्याच्या घासणीनेही घासलं. मग कपाळावर तीन करडे पट्टे घेऊन, मला परत द्यायला लातूरला न जाता, तो एकटाच नांदेडच्या गाडीत बसला.