वेगळं करायचं म्हणजे

पुतळाबाईंना सुनेचं कौतुक सांगायला निमित्त लागत नसे. तळेगाव ढमढेरेच्या बाजारात कोथिंबिरीची घासाघीस करता करताही त्या तेजश्रीवर यायच्या. आणि कौतुक करावं अशी ती होतीही. त्यांचा मुलगा सत्यजीत लग्नांचं शूटिंग करायचा, पण त्या कच्च्या मालाला रूप द्यायची ती तेजश्री. कुरकुंभच्या कंपनीतली माणसं म्हणे लग्न ठरलं की आधी हिला विचारत, मग भटजींना. भटजींचं तेवढं पुतळाबाईंनी पदरचं घातलेलं होतं.

अडचण एकच होती. शूटिंग साठवायचा मोठा कॉम्प्युटर खाली पुढच्या खोलीत, आणि तेजश्री लॅपटॉप घेऊन बसायची माडीवर. मध्ये टाकलेली वायर उंदरांनी दोनदा कुरतडली, म्हणून वायरलेस आलं. पण ते इतकं संथ, की एका लग्नाचं शूटिंग वर पोचेपर्यंत नवरा-नवरीची सत्यनारायणाची पूजाही उरकून जावी. सत्यजीत वैतागला आणि शिरूरला एक गाळा बघून आला. गाळ्यावर दोन खोल्या होत्या. "सगळं हाताशी राहील. राहायलाबी तिथंच जाऊ," म्हणाला. त्या दिवसापासून पुतळाबाईंच्या घशाखाली घास उतरेना. पोरगा एकटा गेला असता तर त्यांनी सोसलं असतं, पण सून जाणार म्हटल्यावर घरच ओस पडणार होतं.

"आधी वायरलेसचा राऊटर बदलून बघू," तेजश्री म्हणाली. दोन हजार नऊ साल होतं. पुण्याहून दोन बँडचा नवा राऊटर आला. पुतळाबाईंनी त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला आणि कुणाची दृष्ट लागू नये म्हणून राऊटर कॉम्प्युटरशेजारच्या लोखंडी कपाटामागे सरकवून ठेवला. वेग होता तेवढाच राहिला. सत्यजीतनं कपाळावर हात मारला, गाळेवाल्याला होकार कळवतो म्हणाला आणि शिरूरची गाडी धरली.

तेजश्री मात्र हटणारी नव्हती. तिनं राऊटर कपाटामागून काढून भिंतीवर उघड्यात टांगला. "लोखंडाच्या आड त्याचा जीव गुदमरतो, आत्या," एवढंच म्हणाली. सासूला ती आत्या म्हणायची. मग लॅपटॉप मांडीवर घेऊन बसली ती बसलीच. मधूनच उठायची, घरभर फिरायची, परत बसायची. पुतळाबाई गहू निवडता निवडता बघत होत्या. एवढी चिकाटी आपल्या माहेरीसुद्धा कुणात नव्हती, हे त्यांनी मनोमन कबूल केलं.

दुपारी जिन्यावरून तिचं फोनवरचं बोलणं कानांवर आलं. पलीकडे सत्यजीत असावा. "अहो, वेगळं केल्याबिगर सुटका न्हाई. दोन्ही एकाच नावाखाली ठेवली, तिथंच चुकलं. जुन्यासंगं बांधून ठेवलं की नव्यालाबी जुन्याच्याच चालीनं चालावं लागतं. नाव वेगळं करायचं आन् जुनं कुलूप पयलं काढायचं."

पुतळाबाईंचा सुपातला हात थांबला. त्या उठल्या, स्वयंपाकघरातली भांडी खाली काढली आणि दोन ढीग लावले. नवा कुकर, पितळी परात, जाड बुडाची पातेली एकीकडे. पोचे आलेलं सगळं आपल्याकडे. डोळे पदरानं पुसत होत्या आणि तेव्हाही त्यांना वाटत होतं, बोलली तरी पोरगी किती स्वच्छ, एक शब्द वावगा नाही.

तेजश्री पाणी प्यायला आली आणि दारातच थबकली. "आत्या, हे काय मांडलंय?"

"तुझ्या चुलीचं काढलंय. म्या ऐकलं समदं. वेगळं व्हायचं तर व्हा, पर कुकर घेऊन जा."

तेजश्री भांड्यांमध्ये फतकल मारून बसली आणि पोट धरून हसली. मग सासूचे डोळे दिसले तशी एकदम गप्प झाली. त्यांचा हात हातात घेऊन म्हणाली, "आवो, ते राऊटरचं. त्याच्यात दोन रस्ते असत्यात. एक जुना, लांबवर जाणारा, पर त्याच्यावर लई गर्दी. दुसरा मोकळा, वेगाचा. दोघांला एकच नाव दिलं की लॅपटॉप जुन्यालाच धरून बसतो. म्हणून नाव वेगळं केलं. आन् कुलूप म्हंजी पासवर्डचं. ते जुन्या पद्धतीचं असलं की नव्याचा वेग मारला जातो."

"मग आला का वेग?"

"आला की. पर वेगाचा रस्ता भिंतींना भितो. माडीवर पोचंस्तोवर दमतो. घरभर फिरून बघितलं, गिऱ्हाइकांच्या वर्दळीची पुढची खोली सोडली तर पुरा वेग एकाच जागी येतोय."

"कुठं?"

तेजश्री मान खाली घालून म्हणाली, "तिच्या शेजारी, तुमच्या खोलीत, खाटंपाशी. तुमची एवढीशी जागा, ती कशी मागू? त्यापरीस गेलेलं बरं शिरूरला."

पुतळाबाईंनी भांड्यांचे दोन्ही ढीग परत एकत्र सारले. मग हळूच म्हणाल्या, "म्हंजी तुला लांब न्हाई जायचं. माझ्याजवळ यायचंय."

संध्याकाळी सत्यजीत परतला तेव्हा आईची खाट भिंतीला सरकली होती आणि तिच्याशेजारी तेजश्रीचं टेबल लागलं होतं. खालचं शूटिंग लॅपटॉपवर भराभरा उतरत होतं आणि पुतळाबाई खाटेवर बसून नवरीच्या शालूला नावं ठेवत होत्या. त्याला बघून त्या म्हणाल्या, "गाळा आवडलाच असंल तर घे बाबा. जेवायला येत जा मधनं मधनं. आम्ही दोघी हितंच हाय."