तीन पुसलेली नावं

मित्रांनो, मी एक जुना लॅपटॉप आहे. माझी बिजागरी सैल झाली आहे आणि पंखा कण्हत कण्हत फिरतो. नवाकोरा होतो तेव्हा ऑफिसात माझ्यासाठी भांडणं व्हायची. मग माझ्याहून सडपातळ लॅपटॉप आले आणि माझी रवानगी कपाटावर, छत्र्यांशेजारी झाली. कोणी साधी धूळही झटकली नाही. याचा मला राग आहे, तो मी लपवत नाही.

एका सकाळी मला खाली उतरवलं. नवी मुलगी कामाला लागली होती आणि तिला द्यायला दुसरा लॅपटॉप नव्हता. आमचं ऑफिस एका डायलिसिस केंद्राचं ॲप्लिकेशन सांभाळतं. कोणत्या रुग्णाने कधी यायचं, कोणत्या खुर्चीवर बसायचं, हे सारं त्यात असतं. तिने ते आधी माझ्यावर चालवून पाहायचं, असं ठरलं. बिचारी झगडत होती. एक बसवलं की दुसरं अडायचं. शेवटी सगळे ज्याला दादा म्हणतात, त्या अनुभवी सहकाऱ्याने वैतागून स्वतःची सेटिंगची फाइल जशीच्या तशी माझ्यात टाकली. लगेच पान उघडलं. मुलगी हसली. मलाही बरं वाटलं, खोटं कशाला बोलू.

पानावर नावांची यादी होती.

"दादा, ही नावं खोटीच आहेत ना?"

"खोटीच गं. हवी तेवढी उडव. तुझ्या लॅपटॉपवरचं आहे, बाहेर काही जात नाही."

ती नावं माझ्यात नव्हतीच. दादाच्या फाइलमध्ये केंद्राच्या खऱ्या नोंदींचा पत्ता होता आणि नावं थेट तिथून येत होती. पण मी सांगणार कसं? पंखा जिवाच्या आकांताने फिरवला. मी तापलोय असं समजून तिने माझ्याखाली पुठ्ठा सरकवला.

एक नाव उडालं. मग दुसरं, तिसरं. "चालतंय की," ती म्हणाली. पुढची पायरी होती सगळी नावं पुसून नमुन्याची भरण्याची. तिने ती आज्ञा टाइप केली. बोट एंटरवर आलं.

तेवढ्यात दादाचा फोन वाजला. केंद्रातली सिस्टर बोलत होती.

"अहो, एक आजी दारात उभ्या आहेत. मघाशी त्यांचं नाव होतं, आता दिसतच नाही. पाय सुजलेत हो त्यांचे. खुर्ची दुसऱ्याला देऊ का?"

दादाचा चेहरा पांढराफटक पडला. "हात काढ," तो मुलीला म्हणाला. "कशालाही हात लावू नकोस."

माझ्यात मागे एक खिडकी उघडी राहिली होती. तीत नावं उडवण्याआधीची यादी होती. मी बंद पडलो असतो तर तीही गेली असती, आणि माझी बॅटरी संपत आली होती. मुलीने चार्जरची सैल पिन दोन्ही हातांनी दाबून धरली. दादा उडालेलं एकेक नाव वाचत गेला, पलीकडे सिस्टर ते भरत गेली. मी श्वास रोखून तग धरला.

"आलं त्यांचं नाव. बसवते आजींना," सिस्टर म्हणाली.

"मी विचारलं होतं, दादा," मुलगी रडवेली होऊन म्हणाली.

"विचारलं होतंस. मीच बघितलं नाही."

मित्रांनो, माझी धूळ झटकलीत तर उपकार होतील. पण त्याआधी एक मागणं आहे. आमच्या पडद्यावर माणूस म्हणजे नुसती एक ओळ दिसते. ती पुसण्यापूर्वी जरा थांबा. त्या ओळीतलं माणूस कदाचित आत्ता, याच घटकेला, कुठल्यातरी दारात उभं असेल.