टेकचंदचे दोन पंखे

रत्नमालेचा राग सानगडीत सगळ्यांना ठाऊक होता, पण त्या आठवड्यात तो नाकाच्या शेंड्यावरच बसला होता. लग्नाचे व्हिडिओ जोडून द्यायचा तिचा धंदा, आणि कंप्युटर ऐन कामात बंद पडायचा. साधनाच्या लग्नाचं काम तर पुन्हा पुन्हा अर्ध्यावर राहिलं. साधनाची आई शकुनबाई दारातूनच सांगून गेली, "रविवारपर्यंत दे, नाही तं भंडाऱ्याच्या स्टुडिओत देतो." शकुनबाई गेली की तिच्यामागे अख्खं गाव जाणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

नवरा अंकुश भंडाऱ्याला जाऊन टेकचंदच्या कंप्युटरच्या दुकानातून उपाय घेऊन आला. मेमरीवर बसवायचे दोन चिमुकले पंखे, वर निळे दिवे. "मेमरी तापते म्हणे. आपल्याले उन्हाळ्यात कूलर लागते, तसं तिलेबी लागते." मे महिन्यात कूलरपुढून न हलणाऱ्या घराला हे लगेच पटलं. अंकुशने कंप्युटरची खोळ काढली, पंखे बसवले आणि खोळ पुन्हा नीट चढवली. समोरच्या राइस मिलचा कोंडा घरभर उडायचा, म्हणून सासूबाई पार्वताबाईंनी टीव्ही, मिक्सर, सगळ्यांनाच जुन्या लुगड्याच्या जाड खोळी शिवल्या होत्या. कंप्युटरच्या खोळीला बटणापुरतं आणि वायरींपुरतं भोक होतं.

तासाभरात कंप्युटर पुन्हा बंद पडला.

दुसऱ्या दिवशी रत्नमाला तरातरा टेकचंदपुढे जाऊन उभी राहिली. तो मोबाइलमधून मान वर न काढता म्हणाला, "मोठेवाले घेऊन जा ताई. ते लहान पडले."

"मेमरीच तापते, हे तुमाले कसं समजलं? कंप्युटर पाह्यला का तुमी? कुठं ठेवला, कसा ठेवला, इचारलं तरी का?"

"सब यही लेके जाते हैं."

लोक नेतात म्हणून हा विकतो, आणि हा विकतो म्हणून लोक नेतात! रत्नमालेच्या अंगाचा तिळपापड झाला. तेवढ्यात तिला टेकचंदचा स्वतःचा कंप्युटर दिसला. बाजूचा पत्रा काढलेला, पोट उघडं, आणि मेमरीवर पंखा नावालाही नाही.

"तुमच्या मेमरीले काहून नाही लावले?"

"त्याले काय गरज? तो उघडाच असते. हवा लागते त्याले."

रत्नमाला तशीच पाठ फिरवून निघाली. घरी आली, चप्पलही न काढता कंप्युटरची खोळ ओढून काढली. अंकुश सकाळपासून तो पुन्हा पुन्हा चालू करून पाहत होता; आतला पत्रा तव्यासारखा तापला होता. मागच्या जाळीतला कोंडा तिने ब्रशने झाडला आणि काम लावलं. साधनाचं लग्न वरातीपासून पाठवणीपर्यंत एका दमात तयार झालं.

रविवारी पाठवणी बघताना शकुनबाईने पदर डोळ्याला लावला. अंकुश ऐटीत म्हणाला, "टेकचंदभाऊचे पंखे कामी आले."

"असं का? मंग आमच्या पोराले, अमरलेबी सांगतो, आनून घे म्हनून."

झालं! रत्नमालेने कंप्युटर बंद केला, पत्रा उघडला, दोन्ही पंखे उपटून अंकुशच्या हातावर ठेवले आणि पत्रा परत लावला. "आता हेच काम पुन्हा लावतो. काकू, तुमी उठू नका." शकुनबाईचे दोन चहा झाले. काम शेवटाला गेलं, कंप्युटर हूं की चूं न करता चालत राहिला.

पार्वताबाई कोपऱ्यात खोळीची घडी घालत होत्या. "म्हंजे माह्याच खोळीनं झालं ना बाई, हे सारं?"

रत्नमालेचा आवाज एकदम उतरला. "आई, तुमी तं जीव लावून शिवलं. त्यानं न पाहता विकलं. माहा राग त्याच्यावर हाय."